डोंगरात अडकलेली हवा

८ जानेवारी

प्रिय भिंगरी,

तुझं पार्सल मिळालं. कागदाचे इतके पदर गुंडाळले होतेस की सोडवता सोडवता तुझे काका म्हणाले, आत काच आहे की कांदा. काच निघाली, आणि अखंड निघाली, म्हणजे बांधाबांध तरी तू माझ्याकडून नीट शिकलीस.

आता काचेबद्दल. नदी चांगली वळली आहे. काठावरच्या गवतासाठी हिरव्या काचेच्या काड्या आडव्या न ठेवता तिरप्या ठेवल्यास, ते मला आवडलं. पण डावीकडच्या टेकडीत एक बुडबुडा आहे. मोहरीएवढा आहे, पण आहे. म्हणजे भट्टी चढत असताना तू मध्ये थांबली नाहीस. साडेसहाशे अंशांच्या आसपास थांबायचं, दोन काचांमधली हवा कडेकडेने निघून जाऊ द्यायची, आणि मगच काचा एकजीव व्हायला वर न्यायच्या. हे मी तुला अगदी सुरुवातीला शिकवलं होतं, आणि तू विसरलीस म्हणून हातावर फटकाही दिला होता. बुडबुडा म्हणजे करणाऱ्याची घाई. ती काचेत कायमची दिसत राहते.

ताईचा फोन आला होता. तुझी आई बोलायला लागली की मला फक्त हुंकार भरायचं काम उरतं. तिच्याकडून कळलं की नेत्र रुग्णालयाची ती मोठी भिंत तुला मिळाली. अख्खी भिंतभर काचेचा देखावा. मी म्हटलं, वा. तिला ते 'वा' पुरेसं वाटलं नाही, म्हणून आणखी दोनदा म्हटलं.

तू स्वतः कळवलं नाहीस, याचं मला काही वाटलं नाही. मोठ्या कामात असली की माणसं विसरतात. पण काचेचं बोलणं फोनवर करायचं नाही, पत्रातच करायचं, हा नियम अजून चालू आहे. फोनवर आकडे चुकतात आणि तुझी आई मध्ये बोलते.

अभिनंदन.

मावशी


१७ जानेवारी

प्रिय मावशी,

तू रागावली आहेस. 'अभिनंदन' हा शब्द तू एका ओळीत एकटा टाकलास, त्यावरूनच कळलं. सगळं पक्कं होईपर्यंत कुणालाच सांगायचं नाही असं ठरवलं होतं, आणि आईला सांगणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. कागदावर सही झाली आणि तासाभरात तिच्या दातांच्या डॉक्टरांनासुद्धा कळलं होतं.

बुडबुड्याचं कबूल. घाईच केली.

भिंत कुठली ते सांगते. डोळ्यांवरची पट्टी जिथे काढतात त्या खोलीच्या बाहेर लांबट दालन आहे. पट्टी निघाली की माणसं तिथे येऊन बसतात. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतक्या दिवसांनी डोळे उघडल्यावर माणसाला पहिल्यांदा दिसतं काय, तर आग विझवायचं लाल नळकांडं. त्याऐवजी काहीतरी लांबचं दिसायला हवं. म्हणून देखावा. खाली पाणी, मध्ये शेतं, वर एकामागे एक डोंगर. खिडकीच्या तावदानाएवढे तुकडे वेगवेगळे भाजायचे आणि भिंतीवर शेजारी शेजारी बसवायचे. त्यासाठी मोठी भट्टी भाड्याने घेतली आहे. तिचं झाकण उचलायला मला स्टुलावर चढावं लागतं.

पाणी जमतंय, शेतं जमतायत. डोंगरांशी घोडं अडलंय. तुझे डोंगर लांब जातात, मावशी. माझे समोर येऊन उभे राहतात, पत्ता विचारायला आल्यासारखे. फिकट काच घेतली, आणखी फिकट घेतली, तरी ते मागे सरकायला तयार नाहीत. तू ते काचेच्या पुडीने करतेस एवढं माहीत आहे, पण ते करताना तू मला नेहमी काहीतरी आणायला बाहेर पाठवायचीस.

आता सांगशील का? ते तुझं आहे, हे मला ठाऊक आहे, म्हणूनच हक्काने मागते.

तुझी,
भिंगरी


२४ जानेवारी

(हे पाठवलेलं नाही.)

भिंगरी,

हक्काने मागतेस. तुला पहिल्यापासून सगळं हक्कानेच मिळालं. तू जन्मलीस तेव्हा मी शाळेत होते. ताईने तुला माझ्या कडेवर दिलं आणि सांगितलं, मावशी झालीस, आता शहाण्यासारखं वाग. तेव्हापासून मी शहाण्यासारखी वागते आहे आणि मला त्याचा कंटाळा आला आहे.

त्या भिंतीसाठी मीही आराखडा पाठवला होता. हे कुणालाच माहीत नाही. तुझ्या काकांनी जाड पाकीट पाहून विचारलं, तर मी म्हटलं, वीजबिलाची तक्रार आहे. कित्येक आठवडे बसून काढला होता तो. डोंगरांच्या सात ओळी, शेवटची इतकी पुसट की कागद वाकडा धरला तरच दिसावी. उत्तर आलं ते दोन ओळींचं. सहभागाबद्दल आभार. नंतर ताईचा फोन आला आणि कळलं की माझ्या नाकासमोरून ती भिंत कोण घेऊन गेलं.

मला तुझा हेवा वाटतो. लिहून बघितलं, तर काही अवघड नाही लिहायला. तू काच कापतेस तेव्हा अजून तुझी कड खरखरीत येते, काच थंड होऊ द्यायचा तुला धीर नाही, दर वेळी झाकण लवकर उघडून बघतेस, आणि तरी भिंत तुला. का, तर तू बोलतेस छान, हसतेस छान. माझ्या शेडमध्ये छोटी भट्टी, शेल्फवर रचून ठेवलेले डोंगर, आणि ते बघायला येणार कोण, तर मीटर वाचणारा.

ती पूड वरून चाळायची असते. चहाच्या गाळणीतून, अगदी श्वास रोखून, असून नसल्यासारखा थर. मग भाजायचं, सावकाश थंड करायचं, परत एक थर, परत भाजायचं. एका डोंगराला आठवडा जातो. हे शोधायला माझी उमेदीची वर्षं गेली. माझ्याकडे एवढंच आहे जे तुझ्याकडे नाही. भिंत घेतलीस, आता डोंगरही हवेत.

पोटच्या पोरीसारखी म्हणायचं आणि पोटात हे असं दुखायचं. लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.


२८ जानेवारी

प्रिय भिंगरी,

विचारलंस ते बरं केलंस. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

पूड वापरायची, हे तुझं बरोबर. ती दोन काचांच्या मध्ये घालायची. खाली फिकट निळी काच, तिच्यावर पांढरी पूड चांगली बोटभर पसरायची, हात राखायचा नाही, आणि वर पातळ साधी काच झाकायची. मग भट्टी सरळ वर न्यायची. साडेसहाशेला थांबायचं नाही. थांबलीस तर पूड नुसतीच काचेत विरून जाते आणि डोंगर परत समोर येतो. सरळ वर, आणि मग नेहमीसारखं सावकाश थंड.

आधी लहान तुकडा करून बघू नकोस, लहान तुकड्यावर याचा अंदाज येत नाही. पूर्ण मापाचाच घे.

काका म्हणतात, स्टुलाचे पाय तपासून घे.

मावशी


६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

पत्र दोनदा वाचलं. साडेसहाशेला थांबायचं नाही? त्याच आकड्यासाठी मी तुझा फटका खाल्ला आहे. आणि बोटभर पूड? तू तर पूड सांडली की मला ओरडायचीस.

खात्री करून घेते, एवढंच. मोठ्या मापाची फिकट निळी काच आता मोजकीच उरली आहे आणि नवी यायला वेळ लागतो. एक तुकडा वाया गेला तर पुढचं सगळं मागे पडेल. डॉक्टरीणबाईंनी पहिला डोंगर बघायला मागितला आहे, तो पटला तरच पुढचं काम.

तू सांग, तसंच करते.

भिंगरी


११ फेब्रुवारी

भिंगरी,

विचारायचं आणि वर शंका घ्यायची, हे बरं आहे. पुडीची गोष्ट वेगळी असते. सांगितलं तसं कर.

मावशी


१४ मार्च

प्रिय मावशी,

महिनाभर लिहिलं नाही. भट्टी लावायचं धाडस होत नव्हतं, म्हणून आधी सगळं पाणी आणि सगळी शेतं संपवून टाकली. मग शेवटी डोंगर घातला. सांगितलंस तसाच, बोटभर पूड, कुठेही न थांबता सरळ वर.

झाकण उचललं आणि स्टुलावरच बसले. आधी हसू आलं आणि मग रडू. डोंगरात डोंगर असा कुठे दिसतच नव्हता. सगळी काच बुडबुड्यांनी भरलेली, टाचणीच्या टोकाएवढे, हजारो. खाली दाट, वर विरळ. मी तो तुकडा फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई न सांगता आल्या आणि त्यांनी फडकं उचललं.

त्यांनी तुकडा खिडकीकडे धरला. दरीतून धुकं वर येतंय आणि पलीकडे कुठेतरी डोंगर आहे, असं दिसत होतं. त्या म्हणाल्या, पट्टी काढल्यावर माझ्या पेशंटांना पहिल्या दिवशी असंच दिसतं, हे तुम्हाला कसं कळलं? मी म्हटलं, मला नाही कळलं, ही माझ्या मावशीची पद्धत आहे.

आता सगळे डोंगर असेच हवेत म्हणाल्या. भिंतीखाली नावाची पट्टी लागेल तिच्यावर तुझं नाव घालायचं ठरलंय. त्यांना तुला भेटायचं आहे. ये ना थोडे दिवस.

तुझी,
भिंगरी


२० मार्च

प्रिय भिंगरी,

वा. बघ, सांगितलं होतं की नाही?

तुझ्या डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांग. माझ्या पद्धतीचं त्यांना कौतुक वाटलं, यात नवल काही नाही. ही तर माझी रोजचीच पद्धत. मला यायला जमणार नाही. गुडघे धरलेत आणि शेडचं छप्पर दुरुस्तीला काढलंय. नावाच्या पट्टीचं इतक्यात ठरवू नका, घाई नको.

तुझ्या आईने तुकड्याचा फोटो मोठा करून पाठवला. काकांनी बघितला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते म्हणाले, हे फार सुंदर आहे गं. इतकी वर्षं माझ्या डोंगरांना ते 'छान' म्हणत आलेत, 'फार' कधी म्हणाले नाहीत. त्या दिवशी माझ्या हातून भाजीत मीठ जास्त पडलं आणि त्यांनी तक्रार केली नाही, म्हणजे आपण काय बोलून गेलो ते त्यांनाही कळलं असावं.

फोटोत खरं काही कळत नाही, म्हणा.

मावशी


२ एप्रिल

प्रिय मावशी,

अडचणीत आहे. नंतरचे दोन तुकडे भाजले. त्याच मापाने, तीच काच, तीच भट्टी. एकात बुडबुडे इतके मोठे झाले की बेडकाची अंडी वाटतात. दुसऱ्यात काहीच नाही, नुसता पांढरा चिखल. पहिल्यासारखं धुकं परत यायलाच तयार नाही. डॉक्टरीणबाईंना मी सांगून बसले आहे की पावसाळ्याआधी भिंत उभी राहील.

तू रोज करतेस म्हणालीस, तर हे आवरतेस कसं? बुडबुडा कुठे हवा, कुठे नको, लहान हवा की मोठा, हे तू काय बघून ठरवतेस? निळ्या काचेचा नवा साठा आलाय, पण तोही असा उडवत राहिले तर पुरणार नाही.

लवकर लिही. आईला यातलं काही सांगू नकोस.

भिंगरी


१० एप्रिल

(हेही पाठवलेलं नाही.)

भिंगरी,

मला माहीत नाही. कुठून माहीत असणार? मी तुझा तुकडा बिघडावा म्हणून जे तोंडाला आलं ते लिहिलं होतं.

फोटो आल्यापासून मी रोज शेडमध्ये तेच करून बघते आहे. कुणी येतंय असं वाटलं की कापड टाकून झाकते, चोरी केल्यासारखी. आठ तुकडे झाले, आठही घाण. एक फुगून फुटला. माझंच खोटं तुझ्या हातात सोनं झालं आणि माझ्या हातात ते मातीसुद्धा होत नाही. मला वाटलं होतं, हेव्याला एक तळ असेल. आता कळलं, तसं काही नसतं.

तू बुडशील तर बुड, असं मी काल मोठ्याने म्हटलं. शेडमध्ये कुणी नव्हतं. मग मी नववा तुकडा कापायला घेतला.


२९ एप्रिल

प्रिय भिंगरी,

उशीर झाला, कारण खात्री करून लिहायचं होतं. आता नीट वाच आणि एकही गोष्ट आपल्या मनाने बदलू नकोस.

सगळं पुडीच्या दाण्यावर आहे. पिठासारखी बारीक पूड घेतली की तिच्या कणाकणामध्ये हवा अडकते आणि बारीक, दाट बुडबुडे येतात. रव्यासारखी जाड घेतली की हवा एकत्र येते आणि तुझी बेडकाची अंडी होतात. तुझ्या पहिल्या तुकड्यात पिशवीच्या तळाची बारीक पूड गेली असणार आणि नंतर नवी पिशवी फोडलीस, तिच्यात सगळं मिसळलेलं होतं. म्हणून आधी पूड चाळून दोन ढीग कर. दरीच्या तळाला बारीक, वर जाताना त्यात थोडी थोडी जाड मिसळ, आणि डोंगरमाथ्याला काहीच नको. बोटभर नको, नखभर पुरते. कडेने करंगळीएवढी पट्टी कोरी सोड, म्हणजे दोन्ही काचा आधी काठाने चिकटतात आणि हवा आतच राहते. ती पट्टी न सोडल्यानेच तुझा चिखल झाला. भट्टी मध्ये थांबवायची नाही हे खरं, पण धावतही न्यायची नाही. माझ्या भट्टीचे आकडे मागच्या पानावर आहेत, तुझी मोठी आहे म्हणून तुझे वेगळे काढून दिलेत.

सोबत एक तुकडा पाठवते आहे. बघ, धुकं डावीकडून उजवीकडे पातळ होत जातं. ते मला हवं तसं झालंय, आपोआप झालेलं नाही. हा माझ्या शेडमधला एकमेव तुकडा आहे जो काकांनी स्वतःहून उचलून खिडकीत ठेवला होता. म्हणाले, तुझ्या डोंगरात पहिल्यांदा आत गेल्यासारखं वाटलं. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आता करशील तर बरोबर येईल. आलं की तुझी भिंत होईल, तुझा फोटो येईल, ताई तो मला पाठवेल आणि मी 'वा' म्हणेन. ही सगळी तयारी ठेवूनच लिहिते आहे. पट्टीवर माझं नाव मात्र नको. का नको, ते विचारू नकोस.

मावशी


१२ मे

प्रिय मावशी,

आलं. सगळे तुकडे आले, एकामागून एक, तू लिहिलंस तसे. फक्त वरच्या ओळीतला अगदी शेवटचा, सगळ्यात लांबचा डोंगर राहिलाय. तो महिनाअखेरीला भट्टीत घालते. तुझा तुकडा मी कामाच्या टेबलासमोर ठेवलाय आणि दर वेळी झाकण उचलायच्या आधी त्याच्याकडे बघते. त्याच्याइतका चांगला माझा एकही झालेला नाही, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. बघताना माझ्या छातीत खरंच काहीतरी टोचतं.

नाव का नको ते विचारू नकोस म्हणालीस. मी विचारत नाही, कारण मला माहीत आहे.

भिंतीच्या कामासाठी मुलाखत झाली त्या दिवशी सगळे आराखडे एका लांब टेबलावर पसरलेले होते. नावं झाकलेली होती. डोंगरांच्या सात ओळी आणि शेवटची दिसेल न दिसेल अशी. ते कुणाचे, हे कळायला मला नाव लागलं नाही. त्या क्षणी मी म्हणू शकले असते की हे माझ्यापेक्षा चांगलं आहे, हिला द्या. मी म्हटलं नाही. मला भिंत हवी होती, मावशी. म्हणून तुला कळवायला उशीर केला, आणि आईचं नाव पुढे केलं. डोंगर विचारले ते थोडं गरजेपोटी आणि थोडं यासाठी की निदान तुझे डोंगर तरी त्या भिंतीवर जावेत. आता लिहिताना ते किती उद्धट वाटतंय ते दिसतंय.

मग तुझं पत्र आलं. 'थांबायचं नाही' वाचलं आणि लगेच कळलं. तू झोपेतसुद्धा तसं सांगणार नाहीस. मी परत विचारून पाहिलं, तुला मागे फिरायला जागा ठेवली. तू म्हणालीस, सांगितलं तसं कर. तेव्हा मी ठरवलं की करायचं. मावशीला माझा एक डोंगर बिघडायला हवा आहे, तर बिघडू दे. पहिला डोंगर पटला नाही तर काम जाईल, हेही माहीत होतं. गेलं तर गेलं, आपलं फिटेल, असं म्हणून मी हाताने बोटभर पूड पसरली. इतकं ठरवून मी आयुष्यात काही वाया घालवलं नव्हतं.

आणि मग ते मेलं सुंदर निघालं. म्हणून हसू आलं होतं. रडू यासाठी आलं की आता काहीच फिटणार नव्हतं. तू दिलेला त्रासही माझ्याच पदरात चांगला होऊन पडला.

तू रागावलीस तरी चालेल. लिहायचं मात्र थांबवू नकोस.

भिंगरी


१७ मे

भिंगरी,

तुझं पत्र काकांना वाचून दाखवलं. शेवटचं पान मी त्यांच्या हातात दिलं, ते त्यांनी वाचलं. मग ते म्हणाले, आता काय लिहिणार? मी म्हटलं, बघते.

मला वाटत होतं की मी तुला फसवलं. तेवढं एक तरी माझं स्वतःचं होतं. तेही तू होऊ दिलं नाहीस. सगळं कळून सवरून भट्टीत काच घालायची, काम जाईल हे माहीत असताना घालायची, हे मला जमलं नसतं. मी तुझ्या जागी असते तर मावशीला चार शब्द सुनावले असते आणि ताईला फोन केला असता. भिंत तुझी, धुकं तुझं, आणि आता मोठेपणाही तूच घेतलास. मला अजून तुझा हेवा वाटतो. मागच्यापेक्षा जास्त वाटतो. मी तुला पाण्यात पाहत होते आणि तू तिथून माझ्याकडे मायेने बघत होतीस, याचा राग किती येतो ते तुला कळणार नाही.

आराखड्याबद्दल तू गप्प बसलीस, ते बरोबर केलंस. मीही गप्पच बसले असते.

शेवटचा डोंगर भट्टीत घालू नकोस. त्याला हात लावू नकोस. मी येते आहे. गुडघ्यांना काही झालेलं नाही आणि छप्पर कधी गळतच नव्हतं. निळी काच कापून ठेव, कड नीट घासून ठेव, आणि पाणी घातलेला चहा देऊ नकोस.

तो सगळ्यात लांबचा डोंगर मी करणार. माझ्या खऱ्या पद्धतीने, वरून पूड चाळून, थरावर थर, पूर्ण आठवडा घेऊन, आणि त्यात एकही बुडबुडा असणार नाही. खालचं सगळं धुकं बघून झालं की माणसाची नजर वर जाईल आणि तिथे तो स्वच्छ उभा असेल. तुझी अख्खी भिंत एकीकडे आणि तो एक तुकडा एकीकडे. नाव घालायचं तर त्याच्याखाली घाला, ते मला चालेल.

या वेळी तुला काही आणायला बाहेर पाठवणार नाही. माझ्या शेजारी स्टूल घेऊन बस आणि कसं करते ते सगळं बघून घे. आणि मग तुझ्या हातून तसं होत नाही म्हणून घरी जाऊन चांगली जळत बस. एवढं तरी माझ्यासाठी कर.

मावशी